कललेल्या करवतीची खोली

सुतारकामाविषयी आम्ही लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. आमची पदवी मराठी वाङ्मयाची आणि नोकरी सरकारी शाळेतील. रंधा आमच्या हाती कधी आला नाही. परंतु बेळगाव-निपाणीकडील मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाकडे लोक नानाविध कागद वाचून घ्यावयास येतात. पूर्वी कोर्टाच्या नोटिसा येत, मग कर्जाचे अर्ज येऊ लागले. अलीकडे यंत्रांबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिका येतात. त्यांत इंग्रजी असते, जर्मन असते, क्वचित चिनीही असते. मराठी नसते आणि कानडीही नसते.

अशीच एक पुस्तिका घेऊन आमचा एक माजी विद्यार्थी उन्हाळ्यात घरी आला. खानापूर रस्त्यालगतच्या खेड्यातील सुताराचा हा मुलगा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारांचाही समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि पहिल्या हप्त्यात १ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते, हे त्याने ऐकले होते. त्या पैशांतून रुळावर चालणारी विजेची करवत घ्यावी, असा त्याचा बेत. हाती कामही चांगले होते: एका जुन्या चौपाखी घराचे छप्पर नव्याने उभारण्याचे. "सर, एवढं वाचून सांगा, हे मशीन वासे कापंल काय?" इतकाच त्याचा प्रश्न.

हे यंत्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे ज्यास नुसते ‘कटर’ म्हणतात त्या गोल पात्याच्या करवतीचाच हा सुधारलेला प्रकार. लाकडावर ॲल्युमिनियमची लांब पट्टी ठेवावयाची. तिच्या कडेस रबराची किनार असते, ती आखलेल्या रेषेवर जुळवावयाची, आणि पट्टीवरच्या उंचवट्यात यंत्र बसवून पुढे ढकलावयाचे. आगगाडी रूळ सोडीत नाही तशी ही रेषा सोडीत नाही. पाते सरळ उभे ठेवता येते, तसेच एका बाजूस ४५ अंशांपर्यंत कलतेही करता येते. बेळगावच्या नव्या वसाहतींतून प्लायवूडची कपाटे करणारे कारागीर या यंत्रावर खूष असतात, आणि ते योग्यच आहे.

पुस्तिकेत कापण्याच्या खोलीचे दोन आकडे होते. फेस्टूल या जर्मन कंपनीचे टी.एस. ५५ हे १६० मि.मी. पात्याचे यंत्र, पाते उभे असता ते ५५ मि.मी. जाडीचे लाकूड कापते आणि ४५ अंशांत कलले असता ४३ मि.मी. जाडीचे. दुकानदार पहिला आकडा मोठ्याने सांगतो. दुसरा पुस्तिकेतच राहतो.

हा फरक का पडतो, हे आम्ही मुलास शिडीच्या उदाहरणाने सांगितले. दहा फुटांची शिडी भिंतीशी सरळ उभी केली तर दहा फूट उंच पोचते. तीच ४५ अंशांत टेकविली तर सात फुटांच्या किंचित वर, फार नाही. शिडी आखूड झालेली नसते. तिची लांबी आडवी खर्च होते. पात्याचेही तसेच. ४५ अंशांत उभ्या खोलीचा सुमारे ७१ टक्के भाग हाती उरतो, ३० अंशांत ८७ टक्के. यंत्राची बिजागरी कोठे बसविली आहे यावर दोनचार मि.मी. कमीअधिक होतात. ५५ चे हिशेबाने ३९ व्हावयास हवेत, ते ४३ होतात, ही कारागिरी त्या बिजागरीची. उलट बाजूने पाहिल्यास, चौरसाची बाजू दहा असेल तर कर्ण चौदाच्या थोडा पुढे जातो. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत या कर्णाचे जे माप दिले आहे ते दशांशाच्या पाचव्या स्थळापर्यंत बरोबर येते. यज्ञवेदीच्या विटा मांडणाऱ्यांना जे ठाऊक होते ते यंत्र विकणाऱ्यांच्या तोंडी का नसावे, हा प्रश्न आमच्या मनात आला, असो.

आता घराकडे वळू. दुपाखी घर असेल तर ही अडचण सहसा उद्भवतच नाही. त्याचे वासे आढ्यावर समोरासमोर येतात आणि त्यांची टोके उतारानुसार तिरपी कापली तरी करवत वाशाच्या अंगाशी काटकोनातच राहते. रेषा तिरकी, पाते मात्र उभे. चौपाखी घरात चारी बाजूंस उतार असतात आणि दोन उतार जेथे मिळतात तेथे कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत कोनवासा जातो. त्याच्या अंगावर दोहीकडून आखूड होत जाणारे वासे येऊन टेकतात. हे वासे वरून पाहता कोनवाशाला ४५ अंशांत भेटतात. म्हणून त्यांचे टोक उताराच्या रेषेवर तर कापावे लागतेच, शिवाय त्याच वेळी पाते ४५ अंशांत कलवावे लागते. छपराचा सारा भार जेथे एकवटतो आणि पावसाचे पाणी जेथे प्रथम आत शिरू पाहते, तोच हा सांधा. तेथे फट राहिली तर मंगळूरी कौल कितीही चांगले असो, आषाढात कोपरा गळणारच.

त्या घराचे जुने वासे आम्ही मुलाबरोबर जाऊन मोजले. काही किंदळाचे होते, काही नाण्याचे. खानापूरच्या जंगलपट्टीतील जुन्या घरांत ही लाकडे हमखास दिसतात. जाडी अडीच इंच, म्हणजे ६४ मि.मी. एका कोनवाशाच्या प्रत्येक अंगाला पाच वासे; चार कोपऱ्यांचे मिळून चाळीस. दुकानदाराचा ५५ चा आकडाच येथे अपुरा, मग ४३ ची कथा काय! त्याच कंपनीचे २१० मि.मी. पात्याचे थोरले यंत्र आहे; ते उभे असता ७५ आणि कलते असता ५५ मि.मी. कापते. तेही नऊ मि.मी. अलीकडेच थांबते.

मग ही यंत्रे काढणाऱ्यांस घरबांधणी ठाऊक नाही, असे म्हणावयाचे काय? तसे नाही. हाती धरावयाच्या गोल करवतीचा उगमच मोठा मौजेचा आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सकडे एडमंड मिशेल नावाच्या गृहस्थाने उसाच्या फडात मजुरांना कोयत्याने ऊस तोडताना पाहिले आणि कोयत्याच्या मुठीवर फिरते पाते बसविण्याची कल्पना त्याला सुचली, असे सांगतात. १९२४ साली त्याची कंपनी निघाली, आणि उसासाठी सुचलेले यंत्र लाकडासाठी गाजले. चिकोडी-निपाणीच्या ऊसपट्ट्यातील वाचकांस ही हकीकत आवडावी. तेथील घरे ज्या लाकडाच्या सांगाड्यावर उभी राहतात त्याला म्हणतात दोन इंची, पण रंधून झाल्यावर ते भरते दीड इंच, म्हणजे ३८ मि.मी. त्यांची सव्वासात इंची पात्याची नेहमीची करवत ४५ अंशांत कलली तरी ३८ मि.मी. सहज पार करते. म्हणजे यंत्र त्यांच्या लाकडास बेतलेले आहे. रुळावरची करवत तर मुख्यतः तक्त्यांसाठी आणि प्लायसाठी बेतलेली, १८ मि.मी. च्या प्लायला ४३ ची खोली म्हणजे चैन आहे. आपला वासा अडीच इंचांचा, हा काही त्यांचा अपराध नव्हे.

मोठ्या पात्याची यंत्रेही मिळतात. मकिता या जपानी कंपनीची २३५ मि.मी. पात्याची करवत उभी ८५ आणि कलती ६० कापते. आपल्या वाशाला चार मि.मी. कमी पडतात. २७० मि.मी. पात्याची उभी १००, कलती ७३. येथे काम भागते, परंतु एक मेख आहे. असे यंत्र सरळ चालावे म्हणून कारागीर प्लायची पट्टी करून तिच्यावरून ते ढकलतात, आणि पट्टीची जाडी पात्याच्या खोलीतूनच वजा होते. सहा मि.मी. ची पट्टी घेतली तर ७३ चे ६७ राहतात आणि वासा निघतो, बारा मि.मी. ची घेतली तर ६१ राहतात आणि वासा अडतो. एवढ्याशा पट्टीवरून सबंध दिवस वाया जाऊ शकतो.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. पाते कलते असले की साध्या कटरचे खालचे सरकते झाकण लाकडाच्या कडेस अडते, आणि ते अडू नये म्हणून कारागीर त्यास सुतळीने वर बांधून टाकतात. निपाणीकडे एका वखारीच्या छपरावर काम करताना अशा बांधलेल्या झाकणाच्या यंत्राने एका तरुणाच्या डाव्या हाताच्या शिरा तुटल्या. पाते पुरेना म्हणून तो यंत्रावर भार देऊन रेटत होता. चीर मिटली, पाते चिमटले आणि यंत्र उसळून अंगावर आले. त्याचा अंगठा आजही वळत नाही. खोली कमी पडते हे त्यास अगोदर ठाऊक असते, तर त्याने रेटले नसते, असे आम्हांस वाटते.

मुलाचे वडील जुने मिस्त्री. आमचे आकडे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, उभं असताना समदेच पैलवान. वाकल्यावर किती जोर ऱ्हातोय ते बघायचं." मग गुण्या आणि पेन्सिल घेऊन त्यांनी आम्हांस एक युक्ती दाखविली. वाशाच्या एका अंगावर कापाची रेषा ओढावयाची, आणि पाठीमागच्या अंगावर तिला समांतर रेषा, वाशाच्या जाडीइतकीच सरकवून, ओढावयाची. ४५ अंशांत जाडी आणि सरक सारखीच, हे त्यांना त्रिकोणमितीवाचून ठाऊक होते. एका अंगाने यंत्राने कापावयाचे, मग वाशाची टोके अदलाबदल करून त्यास पालथा घालावयाचा आणि दुसऱ्या रेषेवर तेच यंत्र, त्याच कलतीवर, फिरवावयाचे. दोन्ही काप आत एकमेकांस मिळतात. मात्र दुसऱ्या खेपेस रूळ टाकाऊ तुकड्यावर बसतो, म्हणून तो तुकडा हातभर तरी लांब राखला पाहिजे; नाहीतर रूळ डुगडुगतो आणि सांध्याला पायरी पडते. हे कोणत्याही पुस्तिकेत आम्हांस आढळले नाही.

त्यांचा स्वतःचा मार्ग याहूनही सोपा होता. यंत्राने ४३ मि.मी. पर्यंत कापावयाचे; उरलेल्या २१ मि.मी. साठी तयार झालेल्या चिरेत हातकरवत घालावयाची. चीरच तिला वाट दाखविते. हातकरवतीला खोलीची मर्यादा नाही. मर्यादा असते ती दंडाला. चाळीस वाशांची चाळीस टोके, प्रत्येकी अदमासे तीस मि.मी. ची तिरकी चाल एवढेच हाताला उरते. दोन माणसांना दुपारपर्यंतचे काम.

मुलाने शेवटी ५५ चेच यंत्र घ्यावयाचे ठरविले. वर्षभर पोट भरणार ते प्लायच्या कपाटांवर आणि स्वयंपाकघरांच्या फळ्यांवर, चौपाखी घर काही रोज मिळत नाही, हा त्याचा हिशेब आम्हांस पटला. थोरले यंत्र कर्ज काढून कोनाड्यात ठेवण्यात अर्थ नव्हता. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याने आमच्याकडून मराठीत दोन ओळी लिहून घेतल्या: उभे ५५, कलते ४३. खाली वडिलांनी आपल्या हाताने तिसरी ओळ घातली: आधी वासा मोजणे. कोपऱ्याचे काम मृगापूर्वी पुरे झाले, आणि जुन्या वाशांपैकी जे धड निघाले ते मिस्त्रींनी गोठ्यासाठी मागून नेले.