स्वस्ताईची किंमत कोण मोजतो?

२०२५ च्या नाताळात आणि वर्षअखेरीस, म्हणजे २५ व ३१ डिसेंबर रोजी, घरपोच माल पोचविणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी संपाची हाक दिली. मोबदल्याच्या दराबरोबरच 'दहा मिनिटांत घरपोच' हा प्रकार बंद करावा, अशी त्यांची मागणी होती. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांच्या मध्यस्थीनंतर ब्लिंकिट या कंपनीने आपल्या जाहिरातीतून दहा मिनिटांचा उल्लेख काढून टाकला. वेळेचा प्रश्न निदान जाहिरातीपुरता तरी मिटला. त्याच्याआड असलेला दराचा प्रश्न मात्र तसाच राहिला. साखर, तेल आणि साबण कोपऱ्यावरच्या वाण्यापेक्षा कमी दरात आणि तेही उंबरठ्यावर मिळत असतील, तर हा फरक नेमका कोणाच्या खिशातून येतो?

पगारदार कुटुंबात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. वाणसामान कोठून आणावे? यावर दोन ठराविक उत्तरे ऐकू येतात. चार पैसे वाचविणे हीच संसाराची नीती, बाकीचे तत्त्वज्ञान पोट भरलेल्यांचे, असे एक पक्ष म्हणतो. मोठ्या दुकानात पाऊल टाकणे म्हणजे शेजारच्या दुकानदाराच्या पोटावर पाय देणे, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती म्हणजे, स्वस्ताई ही एकाच जातीची असते. वस्तुतः तसे नाही.

प्रथम बचतीचा आकार पाहणे योग्य ठरेल. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार देशाच्या नागरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये होता आणि त्यातील सुमारे ३९.७ टक्के अन्नावर होत होता. चार माणसांच्या कुटुंबाला हे प्रमाण लावले, तर अन्नखर्च महिना अकरा हजारांच्या आसपास जातो. त्यात दूध, भाजी, फळे, मासळी आणि उपाहारगृहातील खाणेही आले. वाण्याच्या यादीचा भाग, साबण-सोडा धरून, सहा हजारांचा मानू आणि मोठ्या दुकानात त्यावर आठ टक्के सुटतात असे समजू. म्हणजे महिन्याला ४८० रुपये आणि वर्षाला ५,७६० रुपये झाले. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकाच्या किंवा कंत्राटी लिपिकाच्या घरी ही रक्कम क्षुल्लक नाही. तिला तुच्छ लेखणाऱ्यांनी नीतीवर व्याख्याने देऊ नयेत. अर्थात हे ४८० रुपये संपूर्ण घरी येतातच असे नाही. वाण्याकडे यादी जाते आणि यादीतलेच सामान येते. मोठ्या दुकानात ढकलगाडी जाते आणि तिच्यात यादीबाहेरची बिस्किटे, प्लॅस्टिकचे डबे व 'एकावर एक' मिळालेले शाम्पू येऊन बसतात. बसभाडे वेगळेच.

आता स्वस्ताईच्या जातींकडे वळावे. छापील किंमत ही कायद्याने ठरविलेली कमाल मर्यादा आहे. तिच्याहून कमी दराने विकण्यास कोणालाही बंदी नाही. तेव्हा कमी दर म्हणजे काही तरी लबाडी, हा संशय निराधार होय. २००२ साली पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टची रीत पाहिली, तर स्वस्ताईचे बरेचसे रहस्य उलगडते. दुकानांच्या जागा शक्यतो स्वतःच्या मालकीच्या, म्हणून भाड्याचा बोजा कमी. पुरवठादारांना पैसे लवकर चुकते केले जातात, म्हणून त्यांच्याकडून सूट अधिक. मांडणी साधी, मालाचे प्रकार मोजके आणि विक्री झपाट्याची. गिऱ्हाईक स्वतःच माल उचलतो, स्वतःच घरी नेतो. यातून होणारी काटकसर खरी आहे. ती कोणाच्या ताटातून काढून घेतलेली नाही. तिचा काही भाग गिऱ्हाइकाला मिळत असेल, तर अर्थशास्त्राला त्यात आक्षेपार्ह असे काही दिसत नाही आणि नीतिशास्त्रालाही दिसू नये.

दुसरी जात निराळी आहे. येथे माल खर्चाच्या खाली विकला जातो आणि तोटा गुंतवणूकदारांच्या भांडवलातून भरून काढला जातो. वाटप करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२४ साली ब्लिंकिट, इन्स्टामार्ट आणि झेप्टो यांच्या विक्रीपद्धतीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली, ती याच आरोपासाठी. आरोप खरा की खोटा, हे ठरविणे आयोगाचे काम आहे. पण कायद्यातील एक अडचण येथे ध्यानात घेतली पाहिजे. २००२ च्या स्पर्धा कायद्यात प्रतिस्पर्ध्याला संपविण्यासाठी खर्चाखाली विकण्यास मनाई आहे, परंतु ती मनाई बाजारात वर्चस्व असलेल्या उद्योगापुरती आहे. वर्चस्व सिद्ध होईपर्यंत शेजारची दुकाने तग धरतीलच, अशी हमी कायदा देत नाही. ही स्वस्ताई उधारीची आहे. प्रतिस्पर्धी उरले नाहीत, म्हणजे ती वसूल होते, आणि वसुली त्याच गिऱ्हाइकाकडून होते.

तिसऱ्या जातीत फरकाचा काही भाग कामगाराच्या वाट्यातून येतो. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, अपघाताची जोखीमही बव्हंशी त्याचीच. तो नोकर नाही, 'भागीदार' आहे, असे कागदोपत्री सांगितले जाते. भागीदारीत नफा-तोटा वाटून घ्यावयाचा असतो. येथे कामगाराच्या वाट्याला येते ती मुख्यतः जोखीम.

आणि शेतकरी? दुकान निवडून शेतकऱ्याचे भले करता येईल, ही कल्पना बाजूस ठेवलेली बरी. लातूरच्या किंवा अकोल्याच्या तुरीला काय भाव मिळतो, हे आयातीचे धोरण ठरविते. २०२१ साली तुरीची आयात मुक्त करण्यात आली आणि ती सवलत पुढे वेळोवेळी वाढविण्यात आली. डाळ वाण्याकडून घेतली काय आणि मोठ्या दुकानातून घेतली काय, शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

मग वाण्याचा पक्ष कशाच्या बळावर घ्यावयाचा? तो सज्जन आहे म्हणून नव्हे. मापात पाप, डाळीत खडे, पावतीला टाळाटाळ आणि टंचाईच्या दिवसांत माल आत सरकविणे, या गोष्टी महाराष्ट्रातील गिऱ्हाईक विसरलेले नाही. ग्राहक चळवळ उभी राहिली ती या अनुभवातूनच. दुकानातील पोऱ्याला किमान वेतन मिळते की नाही, हेही कोणी विचारीत नाही. मोठ्या दुकानाला नीतीचे प्रश्न विचारणाऱ्याने तेच प्रश्न छोट्या दुकानालाही विचारले पाहिजेत.

तथापि वाणी एक काम करतो, ज्याचा हिशेब पावतीवर दिसत नाही. तो उधार देतो. नाक्यावरचा रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई, बांधकामावरचा गवंडी, यांच्या हाती महिन्याच्या एक तारखेला एकरकमी पैसे नसतात. पाच किलो तेलाचा डबा स्वस्त पडतो हे त्यांनाही कळते. पण डबा घेण्याइतकी रोकड ज्याच्याजवळ आहे, त्यालाच तो स्वस्त पडतो. इतरांना पाव किलो तेल, दहा रुपयांची चहापूड आणि वहीतली नोंद हाच बाजार. या उधारीला व्याजाचा दर लिहिलेला नसतो. ते व्याज मालाच्या किमतीतच मिसळलेले असते आणि त्याचा काही भाग आजवर रोखीने खरेदी करणारे पगारदार गिऱ्हाईक भरीत आले आहे. शिक्षक आणि कारकून महिन्याची यादी छापील किमतीला रोख घेत होते. त्या रोकडीवर वाण्याचे भांडवल फिरत होते आणि फिरत्या भांडवलातून वहीवाल्यांना माल मिळत होता.

हे रोखीचे गिऱ्हाईक निघून गेले, म्हणजे काय होते? वाण्याजवळ उरतात ती उधारीची खाती. फिरती रोकड घटते, घाऊक व्यापारी उधारीवर माल देण्यास कां-कूं करतो, आणि वाण्यापुढे दोनच मार्ग राहतात: वही बंद करावी किंवा दर वाढवावेत. दर वाढले की आणखी काही रोखीचे गिऱ्हाईक फुटते. बँका आणि विमा कंपन्या ज्या चक्राची धास्ती घेतात, तेच चक्र गल्लीतल्या दुकानात सुरू होते. एका वर्गाची वर्षाची ५,७६० रुपयांची बचत दुसऱ्या वर्गाच्या किराण्यात महागाई होऊन उतरते. हा परिणाम कोणी ठरवून घडवीत नाही, म्हणूनच तो कोणाच्या सदसद्विवेकाला टोचत नाही.

याचा अर्थ शिक्षकाने वाण्याला धर्मादाय म्हणून महिना ४८० रुपये द्यावेत, असा नाही. उधारीची गरज भागविण्याचा तो फार ओबडधोबड मार्ग आहे, आणि सरळ पतपुरवठा हा त्याहून चांगला. परंतु तसा पतपुरवठा धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या दारात पोचलेला नाही, तोवर वहीची उपयुक्तता नाकारता येत नाही.

बचत आणि नीती यांचा मेळ घालण्याचे प्रयत्न पूर्वीही झाले आहेत. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे अठ्ठावीस जणांनी, विणकरांनी आणि इतर कारागिरांनी, सहकारी दुकान काढले तेव्हा त्यांनी भेसळ नसलेला माल बाजारभावाने आणि केवळ रोखीने विकला, आणि उरलेला नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना वाटला. दर पाडण्याचा मोह त्यांनी कटाक्षाने टाळला. महाराष्ट्रात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले. तिची पद्धत साधी होती. शेजारच्या कुटुंबांनी संघ करावयाचा, मागणी एकत्र नोंदवावयाची, माल घाऊक यावयाचा आणि वाटप सभासदांनी स्वतः करावयाचे. दुकान नाही, काउंटर नाही. येथे स्वस्ताईची किंमत सभासद स्वतःच, आपल्या श्रमाने आणि वेळाने, मोजतात. हिशेब स्वच्छ आहे. मात्र पती-पत्नी दोघेही आठ-आठच्या लोकलने जाणाऱ्या घरात हा वेळ कोणी द्यावयाचा, हा प्रश्न या चळवळीला पुरून उरला आहे. आणि रोकड नसलेल्याचा प्रश्न तर रॉचडेलच्या विणकरांनीही सोडविला नव्हता. त्यांनी उधारी दाराबाहेरच ठेवली होती.

कामगाराच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राजवळ अधिक चांगले उत्तर आहे, आणि ते किराणा व्यापारातूनच आलेले आहे. वाशीच्या घाऊक बाजारात साखरेचे पोते पाठीवर वाहणारा हमाल १९६९ च्या माथाडी कायद्याखाली येतो. अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेने मिळविलेला हा कायदा. नोंदलेल्या मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरावयाची. भविष्यनिर्वाह निधी आणि उपचार यांची तरतूद त्यातून होते. लेव्ही सर्वांनाच भरावी लागत असल्यामुळे एखाद्या व्यापाऱ्याने कामगाराशी नीट वागून स्पर्धेत मागे पडण्याचे भय उरत नाही. तीच साखर एक किलोच्या पिशवीत दुचाकीवरून निघाली, की वाहणाऱ्याचे हे संरक्षण संपते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांसाठी कंपन्यांच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान ठरविले आहे; किमान वेतनाचा हक्क मात्र दिलेला नाही.

राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात प्रत्येक खेपेमागे कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्याच्या एक ते पाच टक्के कल्याणशुल्क कंपनीने भरावयाचे आहे. एका खेपेचा मोबदला पंचवीस रुपये धरला, तर हे शुल्क जास्तीत जास्त सव्वा रुपया होते. माथाडी कायदा ज्या विधिमंडळाने केला, त्याने हा सव्वा रुपया मागितला, तर तो सर्व कंपन्यांवर सारखाच पडेल, आणि शिक्षकाच्या ४८० रुपयांतून तो वजा झाला तरी त्याच्या अंदाजपत्रकाला मोठे भगदाड पडणार नाही.