स्लॅबखालची रात्र

मागच्या उन्हाळ्यात सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावी आमचा मुक्काम पडला. ज्यांच्याकडे उतरलो त्यांना रमाई आवास योजनेतून घरकुल मिळालेले. घर नेटके, वर स्लॅब, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. जेवणे आटोपून दहा वाजले तरी भिंतीला हात लावला की चटका बसे. कूलर होता, पण लाइन गेलेली. पूर्वी अशा वेळी अंगणात बाजा टाकून सारे घर निजायचे. आता गावाच्या कडेला बिबट येतो, कधी वाघही. घरातली म्हातारी आई म्हणाली, "आत जीव घाबरते, बाहेर वाघाचा भेव. माणसानं निजावं कुठी?"

त्या रात्री झोप लागली नाही. पडल्या पडल्या आम्हांला चार्ल्स कोरिया आठवले.

कोरिया हे मोठे वास्तुविशारद. मूळ गोव्याचे घराणे, जन्म १९३० साली सिकंदराबादेत. अमेरिकेत शिकून आले आणि १९५८ पासून मुंबईत काम करू लागले. श्रीमंतांसाठी त्यांनी मुंबईत कांचनजंगा नावाची उंच इमारत बांधली, ती सगळ्यांना ठाऊक असते. पण आमचे लक्ष त्यांच्या एका अगदी लहान घराकडे जाते. १९६०-६२ च्या सुमारास कमी खर्चाच्या घराची एक स्पर्धा झाली. कोरियांनी तिच्यासाठी नळीसारखे लांबट घर आखले आणि ते पहिले आले. पुढे अहमदाबादेत ते बांधलेही गेले. रुंदी जेमतेम १२ फूट, लांबी ६० फुटांच्या घरात. अहमदाबादचा उन्हाळा आपल्या चंद्रपूरचा भाऊच म्हणा.

त्या घरातली युक्ती साधी होती. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते, हे चुलीच्या धुरावरून आपल्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. कोरियांनी छत आतून उतरते ठेवले आणि जिथे ते सर्वांत उंच तिथे हवेला बाहेर पडायला वाट ठेवली. गरम हवा वर सरकत निघून जायची आणि तिच्या जागी खालून, दाराजवळच्या झडपांतून, ताजी हवा आत ओढली जायची. विजेचा एक पैसा खर्च नाही. ते घर आज उभे नाही, पण त्यातले शहाणपण काही पडले नाही.

आता कुणी म्हणेल, मग आपली जुनी मातीची, कवेलूची घरे काय वाईट होती? बंधू-भगिनींनो, मातीच्या घराचे गोडवे ज्यांनी त्यात पावसाळा काढला नाही त्यांनी खुशाल गावेत. दर वर्षी मिरगाच्या आधी कवेलू फेरायचे, वानरांनी फोडलेले बदलायचे, उधई लागलेले बांबू काढायचे, आणि तरी रात्री गळत्या जागी गंज-भगोणी मांडत फिरायचे. स्लॅब ही आपल्या माणसांनी हौसेने नव्हे, हक्काने मागितलेली गोष्ट आहे. ती राहणारच. प्रश्न एवढाच की दिवसभर ऊन पिऊन रात्री ते आत ओकणाऱ्या स्लॅबखाली मे महिन्यात, पारा ४७ च्या पुढे असताना, लेकरांनी निजायचे कसे?

घरकुल २६९ चौरस फुटांच्या आसपासचे. एवढ्यात उतरते छत कुठून आणणार? पण हवेची वाट ठेवता येते. सावलीच्या बाजूला खिडकी खाली घ्यावी आणि समोरच्या भिंतीत अगदी स्लॅबला लागून झरोका ठेवावा. दिवसा लू चालते तेव्हा दोन्ही बंद, रात्री दोन्ही उघडे. स्लॅबवर उन्हाळा लागण्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्यावा, ऊन बरेचसे परत फिरते. घुग्घुस, दुर्गापूरकडच्या वाचकांना हा हात दर वर्षी द्यावा लागेल. कोळशाची धूळ पांढरे काही राहू देत नाही, हे आम्ही त्यांना काय सांगावे.

कोरियांचे आणखी एक काम सांगण्याजोगे आहे. नवी मुंबई वसवावी ही कल्पना १९६४ साली मांडणाऱ्या तिघांत ते होते. तिथेच बेलापूरला १९८३ ते ८६ च्या काळात त्यांनी सिडकोसाठी सुमारे साडेपाचशे कुटुंबांची वसाहत केली. सात-सात घरे एका लहान चौकाभोवती. प्रत्येक घराच्या भिंती स्वतंत्र, शेजाऱ्याशी सामाईक नाहीत, म्हणजे पोरगा कमावता झाला की खोली वाढवायला कुणाची परवानगी नको. आणि भूखंड? सर्वांत लहान ४५ चौरस मीटर, सर्वांत मोठा ७५. कमी मिळकतीचा आणि बऱ्या मिळकतीचा यांत जमिनीचा फरक एवढाच. गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढलेल्यांना या आकड्यांचा अर्थ फोडून सांगायला नको. पुढे तिथल्या अनेकांनी मूळ घरे पाडून मोठी बांधली. काही जाणकारांना त्याचे वाईट वाटते, आम्हांला तितकेसे वाटत नाही. माणूस वाढला, घर वाढले.

कोरिया २०१५ साली मुंबईत वारले. पद्मविभूषणापर्यंतचे सन्मान त्यांना मिळाले.

सकाळी चहा घेताना हे सारे आम्ही त्या घरी सांगितले. थोरला मुलगा स्वतः मिस्त्रीकाम करतो. तो उठून भिंतीकडे पाहत राहिला. स्लॅबला हात लावायचा नाही, बीमला लावायचा नाही, पण बीमखालच्या चार विटा काढल्या तर झरोका बसतो म्हणाला. जाळीला किती पडतील याचा हिशेबही त्याने तिथेच केला.

म्हातारी आतून ओरडली, "जाळी बारीक लावजो रे, साप शिरते."