वार्ता आणि श्रवण : एका सोयीस्कर विभागणीविषयी

लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासात आपल्याकडे एक विभागणी जवळजवळ निर्विवाद मानली जाते. मनोरंजनविषयक वार्ता व्यक्तींविषयी असते, संगीतविषयक वार्ता कलाकृतींविषयी असते. पहिली कुतूहल भागवते, दुसरी अभिरुची घडवते. म्हणून पहिली समाजशास्त्रज्ञाने पुरावा म्हणून वाचावी आणि दुसरी समीक्षकाने आपल्याच व्यवहाराची धाकटी शाखा म्हणून गौरवावी, असा हा संकेत आहे. ही विभागणी खोटी आहे, आणि तिच्या खोटेपणापेक्षाही तिची सोय अधिक गंभीर आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम उगमाकडे पाहू. संगीतवार्तेचे जागतिक पीठ मानले जाणारे ‘बिलबोर्ड’ १८९४ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे निघाले, ते भित्तिपत्रके चिकटविणाऱ्या जाहिरात-व्यवसायाचे मुखपत्र म्हणून. संगीत तेथे नंतर आले, आणि आले तेही विक्रीयोग्य माल म्हणून. इंग्लंडमध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने १४ नोव्हेंबर १९५२ रोजी आपली पहिली क्रमवारी छापली, तिचा आधार होता सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करून विचारलेली विक्री. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बाळकृष्ण केसकरांच्या मंत्रिपदाच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरविली होती. तिथला श्रोता सिलोनकडे गेला. पुढे ‘पायदान’ हा शब्द घरोघरी पोचला, आणि त्या पायऱ्यांमागे दंतमंजनाच्या कंपनीचे प्रायोजकत्व होते. लंडन आणि कोलंबो यांच्यात काही आठवड्यांचेच अंतर असावे हा योगायोग असेल. दोन्हीकडे गाण्याविषयीचा प्रश्न मात्र एकच ठरला : ते कितव्या क्रमांकावर आहे? हा प्रश्न संगीताचा नाही. घोड्यांच्या शर्यतीलाही तो तितकाच लागू पडतो.

आता दोन्ही वार्तांचे व्याकरण तपासावे. मनोरंजनवार्तेची क्रियापदे ‘झळकणार’, ‘दिसणार’, ‘अडकणार’ अशी; संगीतवार्तेची ‘प्रकाशित होणार’, ‘गाजले’, ‘विक्रम मोडला’ अशी. कर्ता बदलतो, काळ बदलत नाही. दोन्ही ठिकाणी गोष्ट एक तर व्हायची असते किंवा होऊन गेलेली असते. गाणे मात्र वर्तमानकाळातच असते. ते दर वेळी ऐकताना घडते. समीक्षेची भाषा स्वभावतःच या वर्तमानकाळाला बांधलेली असते. ज्या लेखनातून तो काळच नाहीसा झाला, त्याला केवळ विषय ‘संगीत’ आहे म्हणून समीक्षेच्या पंक्तीला बसविणे ही शुद्ध फसगत होय.

पण या विभागणीने केवळ कानाचीच हानी झालेली नाही. १९६०च्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी यांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबविले. मतभेद ध्वनिमुद्रिकांच्या रॉयल्टीविषयीचा होता : विक्रीतील वाट्यावर गायकाचा हक्क असावा ही लताबाईंची भूमिका, तर मानधन घेतल्यावर गायकाचा हक्क संपतो ही रफींची. मनोरंजनवार्तेच्या परंपरेत हा प्रसंग दोन थोर व्यक्तींमधील रुसवा म्हणून नांदतो. संगीतलेखनाला त्यात ‘संगीत’ सापडत नाही, म्हणून ते तो तळटीपेत ढकलते. एकाने श्रमाचा प्रश्न स्वभावात विरघळविला, दुसऱ्याने तो कलेबाहेर काढला. २०१२च्या स्वामित्वहक्क कायद्यातील दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील समान वाटा आणि गायकांसह सर्व प्रयोगकर्त्यांचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला, तेव्हा हा जुना वाद काय होता हे कळण्यासाठी लागणारी भाषाच आपल्या वाचकाजवळ नव्हती. दोन खात्यांच्या मधल्या फटीत नेमका तो मजकूर पडतो, जो विकणाऱ्याला अडचणीचा असतो. विभागणीची सोय ती हीच.

मराठीतील उदाहरण घ्यायचे तर २०१६ मधील ‘सैराट’चे घ्यावे. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाला अजय-अतुल यांनी संगीत दिले आणि त्याचे काही ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिस येथे पाश्चात्य वाद्यवृंदासह झाले. मनोरंजनाच्या पानांनी उत्पन्नाचे आकडे सांगितले. संगीताविषयी लिहिणाऱ्यांनी बहुधा हॉलिवूडच्या ध्वनिमुद्रणगृहाचे नाव सांगितले. दोन्ही वाक्यांचा भाव एकच : आपण मोठे झालो. ग्रामीण बोलीतील शब्द व्हायोलिनांच्या त्या भव्य विस्तारावर ठेवले जातात तेव्हा बोलीला प्रतिष्ठा मिळते की ती स्वप्नरंजनात झाकली जाते? ज्या कथेचा शेवट जातीच्या नावाने झालेल्या हत्येत होतो, तिच्या पूर्वार्धातील ध्वनीचे हे वैभव प्रेक्षकाला त्या शेवटासाठी तयार करते की त्याच्यापासून लपवून ठेवते? हे प्रश्न ऐकल्याशिवाय विचारता येत नाहीत. म्हणून ते फारसे विचारले गेले नाहीत.

येथे एक आक्षेप संभवतो. लोकप्रिय वार्तेकडून संगीतशास्त्राची अपेक्षा करणे हा अभिजनांचा हट्ट नव्हे काय? या आक्षेपाला आपलाच इतिहास उत्तर देतो. केशवराव भोळे यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गायकांवर लिहिले, ते शास्त्र्यांसाठी नव्हे, सामान्य वाचकांसाठी. आवाजाची जात, श्वास, शब्दोच्चार, लयीशी असलेले नाते यांविषयी त्या वाचकाशी बोलता येते, अशी त्यांची धारणा होती. हेच भोळे ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) या लोकप्रिय चित्रपटांचे संगीतकार होते. वाचकाला कान असतो असे मानणे हा अभिजनवाद नसून, त्याला केवळ आकडे कळतात असे मानणे हाच खरा तुच्छतावाद आहे.

जानेवारी २०२४ मध्ये कॉन्डे नास्ट या प्रकाशनसंस्थेने ‘पिचफोर्क’ हे संगीतसमीक्षेचे प्रतिष्ठित व्यासपीठ ‘जीक्यू’ या पुरुषांच्या फॅशनविषयक नियतकालिकात विलीन करण्याचे जाहीर केले, तेव्हा मनोरंजनाने संगीताला गिळले असा शोक झाला. शोक अनाठायी नव्हता, पण उशिरा होता. जे व्यासपीठ प्रत्येक संग्रहाला दहापैकी दशांशापर्यंत गुण देत होते, त्याने वार्तेचे अंकगणित आधीच पत्करले होते. त्याच पानावर कितीही मर्मज्ञ निबंध असला, तरी लोकांच्या तोंडी राहिला तो आकडा.

आपल्या विद्यापीठांनी याकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये. लोकप्रिय गीतावरील प्रबंधात कलावंताची प्रतिमा, माध्यमांतील चर्चा, खपाचे आकडे यांची प्रकरणे असतात. गाणे मात्र बहुधा परिशिष्टात, आणि तेथेही शब्दांपुरतेच. वार्तेने पाडलेली फट आपण संशोधनपद्धती म्हणून स्वीकारली आहे. संगीतवार्ता श्रेष्ठ की मनोरंजनवार्ता, ही तुलना म्हणून निरर्थक ठरते. तुलना करायचीच तर वार्ता आणि श्रवण यांची करावी; आणि ती करण्यापूर्वी संशोधकाने गाणे किमान एकदा, हाती आकडा न धरता, पूर्ण ऐकावे.