मढं आमच्या खांद्यावर, मसणवटा तुमच्या नावावर

दोस्तहो, मसणवट्याचा इतिहास लिहायचा तर पहिला सवाल एकच. दगड कुणाचा, आणि कुदळ कुणाची?

आपल्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याला १९८१ पासून रायगड म्हणतात, जुनं कबरस्तान म्हटलं की जाणती माणसं अलिबागेजवळच्या नवगावाकडं बोट दाखवतात. बेने इस्राएल लोक सांगत आले, की गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बुडालेल्यांची मढी किनाऱ्याला लागली ती तिथंच पुरली. आज तिथं स्मारक उभं आहे. वाचलेल्यांचा वंश पेण-रोह्यापर्यंत पांगला, तेलाचे घाणे चालवू लागला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. गावांचीच आडनावं झाली: पेणकर, रोहेकर. १९४८ नंतर बहुतेक इस्राएलला गेले. कबरी मागं राहिल्या. दगडावर हिब्रू, सोबत मराठी. माणूस गेला, नाव राहिलं.

त्या दगडावर आमचा राग नाही. जातीनं त्यांनाही सोडलं नाही. त्यांच्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल, बेटीव्यवहार बंद. आणि ज्या देशात हक्कानं गेले, तिथल्या धर्ममार्तंडांनी लग्नाच्या दारात त्यांचं रक्त तपासायला घेतलं. तेव्हा ही माणसं रस्त्यावर बसली. १९६४ साली तिथल्या संसदेला ठराव करावा लागला, की हे पुरे ज्यू आहेत. हात जोडून नाही मिळालं, ठाण मांडून मिळालं. हे ध्यानात ठेवा.

आता सवाल आमचा. आमच्या आज्या-पणज्याचं नाव कुठल्या दगडावर आहे?

गावात कुणी मेलं की पहिला कोण धावला? महार. मैलोगणती चालत परगावच्या सोयऱ्यांना सांगावा त्यानं पोचवला. सरणाची लाकडं त्यानं वाहिली. मेलेलं जनावर त्यानं ओढलं. मोबदला काय, तर मढ्यावरचं कापड! आणि ह्याला म्हणायचं वतन. गावच्या मरणाचा सगळा भार ज्याच्या डोक्यावर, त्याचं स्वतःचं मढं मात्र गावच्या मसणवट्यात चालत नाही. जिवंतपणी विटाळ समजतो. पण राख झाल्यावरही विटाळ? ही कसली आग, जी हाडं जाळते आणि जात जाळत नाही?

हे आपोआप नाही झालं, लिहून ठेवून झालं. मनुस्मृतीत शूद्राचं मढं नगराच्या दक्षिण दारानं न्यायचं, द्विजांना बाकीची दारं. चांडाळानं मढ्यावरची वस्त्रं नेसायची, बेवारस प्रेतं उचलायची. ती पोथी २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी जाळायला लावली, ती ह्याच जिल्ह्यात, महाडला. पुढच्याच वर्षी वतनाविरुद्ध विधेयक आणलं. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं लागली एक जोखड उतरायला!

आणखी एक बघा. १९२३ चा बोले ठराव, ज्याच्या जोरावर चवदार तळ्याची लढाई उभी राहिली, त्यात पाणवठे होते, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने होते. मसणवटा नव्हता. तो कायद्यात आला १९५५ साली, अस्पृश्यतेविरुद्धच्या कायद्याच्या चौथ्या कलमात. दफनभूमी वा दहनभूमी वापरायला अडवणं हा गुन्हा. अत्याचारविरोधी कायदा १९८९ चा. त्यात मसणवट्याची अडवणूक २०१५ च्या दुरुस्तीनं घातली. साठ वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा कायद्यात लिहावी लागते, ह्याचा अर्थ काय? अर्थ एवढाच, की कायदा कागदावर आणि मढं बांधावर.

म्हणून पेण आणि रोहे तालुक्यातल्या पोरांनो, भाषणं पुरे. आपापल्या गावात उतरा, मोजणी करा. मसणवटे किती? एक की दोन? शेड कुणाच्या मसणवट्याला, नळ कुणाच्या? पावसाळ्यात चिखल तुडवत तिरडी कोण नेतं? जमीन सातबाऱ्यावर कुणाच्या नावे? लिहून काढा आणि तो कागद ग्रामसभेत वाचा. ठराव मागा: गावाला एक मसणवटा, एक रस्ता, एक शेड. अडवतील त्याची नावानिशी फिर्याद द्या.

काही शहाणे म्हणतील, मेल्यावर कसला हक्क? त्यांना विचारा, मग तुमचं स्मशान वेगळं कशाला? ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर एक चिता पेटली. आज तिथं चैत्यभूमी आहे, लाखो लोक येतात. मसणातली जागा काय असते ते आम्हाला शिकवू नका.

पाणवठ्यासाठी बाप लढला. मसणवट्यासाठी लेकानं लढावं.

जय भीम!