वीस पैशांची मोहीम

आमच्या नगरात वीस पैशांनी स्वस्त पेट्रोलसाठी स्कूटरवरून सावेडीहून थेट केडगाव गाठणारे महाभाग आहेत. 4 लिटरमागे बचत 80 पैसे. जाऊन-येऊन 16 किलोमीटरांत जळाले 40 रुपये! असा ताळेबंद मी बँकेत मांडला, तर साहेब मलाच निकालात काढतील.

अहो, 2017 च्या जूनमध्ये भाव रोज बदलायची पद्धत आली. पंपापंपांत फरक पैशांचाच. खरा भार करांचा, तो केडगावलाही चुकत नाही. आणि हेच वीर पंपावर शून्य बघायच्या वेळी आभाळ बघतात! 5 लिटरचं प्रमाणित माप मागून खात्री करायचा हक्क आहे आपल्याला. पण तो बजावायची लाज वाटते.

कसं कळलं म्हणता? परवा मीही केडगावलाच होतो. आभाळ निरभ्र होतं.