गारगोटीला चकाकी आणू या!

बालमित्रांनो, प्रवरेच्या काठी गेलात, तर एखादी गारगोटी पाण्यात बुडवून पाहा. रंगीत पट्टे दिसले ना? मग तो बहुधा अकीक! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथला लाव्हा थंड झाला, तेव्हा वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या त्यात राहिल्या. सिलिका विरघळलेलं पाणी झिरपून त्या थराथरानं भरल्या. पुढे काळा खडक झिजला. कठीण अकीक मात्र उरला.

त्यावर खिळ्यानं ओरखडा उठत नाही. म्हणून तो घासायला वॉटर पेपर घ्या. आधी 150 नंबरचा, मग 220, 400, 600 आणि 1000. आधीचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नका. शेवटी चामड्याच्या तुकड्यावर सेरियम ऑक्साइडचा ओला लेप लावून घासा. काम कित्येक दिवसांचं आहे, घाई नको!

एक पक्कं लक्षात ठेवा: दगड नेहमी ओलाच घासायचा. कोरडी धूळ फुप्फुसात साठते. गुजरातेत खंबातच्या कितीतरी अकीक कारागिरांना तिच्यामुळेच सिलिकोसिस झाला. आईबाबांनो, इकडे तुम्हीही लक्ष द्या.

आणखी एक. 1954 साली हसमुख सांकलियांनी नेवाशाला उत्खनन सुरू केलं. तिथं आदिमानवानं याच जातीच्या दगडांची हत्यारं घडवली होती. तेव्हा धारदार, घडवल्यासारखा तुकडा दिसला, तर तो उचलू नका, घासू तर मुळीच नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि तुमच्या सरांना किंवा बाईंना सांगा. घासायला साध्या गोट्या नदीत पुष्कळ आहेत!