थाळी एवढ्यात भंगारात काढू नका

"आता डिश कोण बघतं? सगळं मोबाईलवरच आहे!" स्टाफरूममध्ये हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आमच्या मोहल्ल्यात मोबाईल घरात एकच, तोही अब्बांच्या खिशात, म्हणजे दिवसभर कामावर. रिचार्ज संपला की तोही मुका. डीडी फ्री डिशची थाळी अन् बॉक्स मात्र एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागायची. माझ्या उर्दू शाळेतल्या काही पोरांचं मराठी त्या वर्षी तिनेच टिकवलं, मी नव्हे.

खरी गोम बॉक्समध्ये आहे. जुने बॉक्स एमपेग-२ चे, नव्या एमपेग-४ वाहिन्या त्यांवर उमटतच नाहीत. नव्या पद्धतीत तेवढ्याच जागेत जास्त वाहिन्या मावतात, हे कबूल. पण नवा बॉक्स घ्यायचा कुणी? विड्या वळणाऱ्या अम्मीने? फ्री डिशवरच्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावात विकून प्रसार भारती पैसे कमावते. त्याच पैशातून गरिबांचे बॉक्स बदलून द्या. तोवर जुन्या बॉक्सवर दिसणाऱ्या वाहिन्यांना हात लावू नका.